दोन मोर आणि एक हरिण

वैशाखी पौर्णिमेस भगवान बुद्धांचे स्मरण करताना त्यांच्या ज्या गृहस्थ उपासकाचे नाव सहज ओठांवर येते, तो मगधाधिपती अशोक. त्याचे स्तंभ, त्याची सिंहमुद्रा शाळकरी मुलांसही ठाऊक आहेत. परंतु या राजाने धर्म स्वतःच्या घरात कसा आणला, हे पाहावयाचे तर त्याच्या मुदपाकखान्यात डोकवावे लागते.

इ. स. पूर्व 268 च्या सुमारास त्यास राज्याभिषेक झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. एक लक्ष माणसे रणात पडली, दीड लक्ष बंदी करून नेली गेली, आणि त्याहून कितीतरी पटींनी अधिक मागाहून मेली. हे आकडे शत्रूने नव्हे, जेत्यानेच आपल्या तेराव्या शिलालेखात पश्चात्तापासह कोरविले. मात्र खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे तो लेख त्याने घातला नाही. ज्यांचे आप्त गेले त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारण्याचे धैर्य त्यास झाले नसावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

उपासक झाल्यावरही आरंभी आपला उत्साह बेताचाच होता, अशी कबुली तो देतो. पुढे भिक्षुसंघाचा सहवास घडला आणि पालट दिसू लागला. अभिषेकानंतर दहाव्या वर्षी तो बोधिवृक्षाच्या दर्शनास गेला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. त्यांच्या जागी त्याने धर्मयात्रा आरंभिल्या. साधुसंतांची भेट, वृद्धांना दान आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्मविचार, हे त्या यात्रांचे स्वरूप. हे सांगणाऱ्या आठव्या लेखाचा एक तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यास सापडला, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय.

आता तो मुदपाकखाना. तेथे पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, असे पहिला शिलालेख सांगतो. आकड्यात अतिशयोक्ती असेलही. लेख लिहिला तेव्हा मात्र ही संख्या तीनवर आली होती : दोन मोर व एक हरिण, आणि हरिणही नित्य नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो नोंदवितो. आपण सर्वस्वी निर्दोष झालो, असे लिहावयास राजाला कोण अडविणार होते? पण उरलेले दोन मोर त्याने लपविले नाहीत. त्याच्या साऱ्या लेखांतील हा प्रामाणिकपणा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

अल्प खर्च आणि अल्प संचय चांगला, हे त्याने तिसऱ्या लेखात प्रजेस सांगितले. अभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी त्याने अवध्य पशुपक्ष्यांची यादी कोरविली. गाभण व दुभत्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. जीवजंतू असलेला भुसा पेटवू नये. विनाकारण वणवे लावू नयेत. ठरावीक तिथींना मासळी विकू नये. सर्वांनी मांसाहार सोडावा, अशी आज्ञा मात्र त्यात नाही. स्वतःच्या ताटात त्याने जितकी काटछाट केली तितकी प्रजेवर लादली नाही.

त्याच्या अखेरच्या दिवसांविषयी ‘अशोकावदान’ या संस्कृत ग्रंथात एक कथा आहे. रुग्णशय्येवरील राजा आपली सोन्याची भोजनपात्रे पाटलिपुत्रातील कुक्कुटारामाच्या भिक्षूंना पाठवू लागला. खजिना रिता होईल या भयाने अमात्यांनी दाने बंद पाडली. अन्न चांदीच्या पात्रांतून येऊ लागले, तीही गेली. शेवटी सम्राटाच्या हाती अर्धा आवळा उरला. तोही त्याने संघास धाडला. भिक्षूंनी तो वाटून कढणात मिसळला आणि ते सर्वांना वाढले.