कर्कपेशींचा माग घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

स्तनात गाठ आढळली की ती साधी की कर्करोगाची, याचा निवाडा तिच्यातील पेशींवरून होतो. निरोगी पेशी शरीराच्या गरजेपुरत्याच वाढतात आणि ठरलेल्या वेळी नष्ट होतात. कर्कपेशी मात्र थांबण्याचा इशारा जुमानत नाहीत. त्या शेजारच्या ऊतींत घुसतात आणि रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाऊन रुजतात. अशा पेशी प्रयोगशाळेत जिवंत वाढवून त्यांचे वर्तन तपासण्याची वाट भारतात ज्यांनी घालून दिली, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. तिने मात्र वनस्पतिशास्त्र निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बीडच्या बालाघाट डोंगररांगांत पिकणारे सीताफळ ज्या कुळातले, त्याच कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळविली.

पुढे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. अखंड वाढत राहणाऱ्या 'हेला' या मानवी कर्कपेशी १९५१ मध्ये याच गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या.

परदेशात स्थिरावण्याऐवजी त्या मायदेशी परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगामागील आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुराही सांभाळली. कुष्ठरोगावरील लशीच्या संशोधनातही त्यांचा वाटा होता.

आज गाठीच्या तपासणीत जैविक खुणा, म्हणजेच बायोमार्कर, पाहिले जातात. पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राही आढळल्यास संप्रेरकरोधक औषधे उपयोगी पडतात. 'हर-टू' प्रथिन अधिक असल्यास त्यावरील वेगळे औषध दिले जाते. 'बीआरसीए' जनुकांतील दोष आनुवंशिक धोका दाखवितो. अंबाजोगाईची रुग्ण असो वा मुंबईची, तिच्या उपचारांची दिशा हाच अहवाल ठरवितो. या चाचण्या रणदिवे यांच्या नाहीत. परंतु संप्रेरके आणि आनुवंशिकता यांविषयीचे जे प्रश्न त्यांच्या मुळाशी आहेत, ते त्यांनी अनेक दशके आधी हाती घेतले होते.

१९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला. निवृत्तीनंतर त्या बीडलगतच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासींच्या आरोग्यासाठी झटल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेतील ज्ञान खेड्यातील स्त्रीपर्यंत वेळेत पोहोचविण्याचे त्यांचे काम आजही अपुरेच आहे.