लीला राव : संस्कृतच्या घरातून विम्बल्डनपर्यंत

दरवर्षी जूनअखेर लंडनमध्ये विम्बल्डन स्पर्धा सुरू झाली की आपल्या वर्तमानपत्रांना सानिया मिर्झाची आठवण येते. २००५ साली तिने महिला एकेरीत पहिली फेरी जिंकली आणि देशभर पेढे वाटले गेले. ते योग्यच होते. पण त्याच्या ७१ वर्षे आधी, १९३४ साली, त्याच विम्बल्डनच्या हिरवळीवर महिला एकेरीचा सामना एका मराठी तरुणीने जिंकला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? तिचे नाव लीला राव. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिच्याआधी १९२९ साली जेनी सँडिसन ही अँग्लो-इंडियन खेळाडू तेथे खेळून आली होती, पण विजयाची नोंद लीलाच्या नावावर आहे.

आता वाचक म्हणतील, उच्चवर्णीय, श्रीमंत घरातील या बाईंचे चरित्र आंबेडकरी वृत्तपत्रात कशासाठी? सांगतो.

लीलाचा जन्म १९११ चा. वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील नामांकित डॉक्टर. आई पंडिता क्षमा राव, म्हणजे शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी. हे पंडित ऋग्वेद आणि अथर्ववेदावर काम केलेले मोठे विद्वान. १८९४ साली ते वारले तेव्हा क्षमाबाई अगदी लहान होत्या. पुढे या बाईने संस्कृतमध्ये काव्ये लिहिली, कथा लिहिल्या आणि टेनिसही खेळली. वेदाचे अक्षर स्त्रीच्या कानी पडू नये असे सांगणाऱ्या शास्त्रांच्या देशात एक बाई संस्कृतात ग्रंथ रचते, ही साधी गोष्ट नव्हे. शूद्र आणि स्त्री यांना मनुस्मृतीने एकाच दावणीला बांधले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ती जाळली, ती क्षमाबाईंसारख्या स्त्रियांच्याही वतीने जाळली, हे उच्चवर्णीय महिला मंडळांना अजून कळायचे आहे.

पण याच मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकू दिले नाही. त्याला पर्शियन घ्यावे लागले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या जिद्दीने मिळवले आणि शूद्र मूळचे कोण याचा शोध घेताना ऋग्वेदच उलटातपासणीला उभा केला. तेव्हा एकाच शहरात एका घरी संस्कृत पाळण्यात मिळत होते आणि दुसऱ्या घरच्या मुलाला ते शाळेत जाऊनही मिळत नव्हते. लीला रावचे चरित्र वाचताना ही दोन्ही घरे एकदम डोळ्यांसमोर ठेवावी लागतात.

टेनिसचेही तेच. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू जिमखाना, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना अशी धर्मवार मैदाने होती. गिरणीच्या चाळीतल्या पोराला त्या हिरवळीवर पाय ठेवायचा तर रूळ ओढायला किंवा चेंडू वेचायलाच. ज्या वर्षी लीला जन्मली त्याच १९११ साली पळवणकर बाळू या चर्मकार समाजातील गोलंदाजाने इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात खेळताना त्याला चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळत असे आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. (बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला, हे आपण विसरत नाही. तरीही त्याच्यावर झालेला अन्याय हा अन्यायच.) गंमत पाहा, त्या काळी टेनिसच्या रॅकेटची तात जनावरांच्या आतड्यांपासून बनत असे. आतडे सोलणारा अस्पृश्य, आणि तीच तात रॅकेटला ओवून आली की पवित्र!

लीलाने १९३१ साली अखिल भारतीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लेना मॅककेना हिला हरवून महिला एकेरीचे अजिंक्यपद मिळवले, आणि पुढच्या बारा वर्षांत ते अनेकदा आपल्याकडे राखले. १९३१ हे साल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता आणि लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली होती. पुढच्या वर्षी पुणे करार झाला. त्याच १९३२ मध्ये क्षमाबाईंचे गांधीजींच्या लढ्यावरील संस्कृत काव्य ‘सत्याग्रहगीता’ पॅरिसमध्ये छापले गेले. इंग्रजांच्या राज्यात ते येथे छापणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांचे धैर्य मान्य केले पाहिजे. आपल्या सत्याग्रहाच्या वाट्याला मात्र पॅरिसचा छापखाना नव्हता, तो जलशांतून, डफ-ढोलकीवर, मराठीत गायला गेला.

१९३४ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत लीलासमोर ग्लॅडिस साउथवेल ही इंग्लिश खेळाडू होती. पहिला सेट लीला हरली. नंतरचे दोन जिंकून तिने सामना खेचून आणला. राज्यकर्त्यांच्या घरात, त्यांच्याच हिरवळीवर, तेवीस वर्षांच्या आतल्या भारतीय मुलीने इंग्लिश बाईला हरवले, हा विजय लहान नव्हता. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा आदामोफने तिला हरवले. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत एव्हलिन डीअरमनकडून हरली. तिची विम्बल्डनची कहाणी येथे संपते. त्या १९३४ साली महिला एकेरी डोरोथी राउंडने जिंकली आणि पुरुषांत फ्रेड पेरी विजेता ठरला. पेरी हा कामगार चळवळीतून आलेल्या बापाचा मुलगा. तो जिंकला तरी क्लबातल्या बड्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या नाहीत. म्हणजे वर्णव्यवस्था तिकडेही होती, फक्त जानवे नव्हते.

आणि एक गोष्ट. १९६८ पर्यंत विम्बल्डनमध्ये बक्षिसाची रक्कमच नव्हती. खेळ हौशी राहिला पाहिजे, हा नियम. ऐकायला उदात्त, पण त्याचा अर्थ एवढाच की ज्याच्या घरी चूल आपोआप पेटते त्यानेच खेळावे. बोटीचे भाडे, लंडनचा मुक्काम, रॅकेट, चेंडू, शिक्षक, सारे घरून आणायचे. लीलाच्या घरी ते होते.

ज्यांच्या घरी नव्हते त्यांचे काय झाले, हे पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. अल्थिया गिब्सन १९२७ साली साउथ कॅरोलिनात अर्धलीने जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर वाढली. तिला टेनिसमध्ये आणले ते गोऱ्यांच्या क्लबांनी नव्हे, कृष्णवर्णीयांनी स्वतः उभ्या केलेल्या टेनिस संघटनेने आणि त्यांच्यातल्या डॉक्टरांनी. आपल्या समाजाच्या पैशावर, आपल्या समाजाच्या मैदानावर ती घडली आणि १९५७ व १९५८ अशी दोन वर्षे विम्बल्डनची महिला एकेरी तिने जिंकली. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू केले त्यामागचा विचार याहून वेगळा नव्हता. दुसऱ्याच्या दाराशी तिष्ठत बसण्यापेक्षा आपले दार उभे करा. नागसेनवनाने मराठवाड्याला प्राध्यापक दिले, साहित्यिक दिले, अधिकारी दिले. आज शहरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात टेनिसची मैदानेही आहेत. उस्मानपुरा, भीमनगर, मुकुंदवाडीच्या किती मुली त्या जाळीजवळ पोहोचतात, याची मोजणी आपल्या शिकल्या-सवरल्या, पगारदार माणसांनीच करायची आहे. अल्थियाच्या डॉक्टरांनी ती केली होती.

लीलाचे पुढचे आयुष्य टेनिसपासून दूर गेले. तिचे लग्न हरीश्वर दयाल या सनदी अधिकाऱ्याशी झाले. ते सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी होते, नंतर नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. ती भारतीय नृत्यावर लिहू लागली, ‘नृत्तमंजरी’ हे तिचे पुस्तक. आणि आईप्रमाणे संस्कृतकडे वळली. क्षमाबाई १९५४ साली गेल्या. त्यांच्या कथांना लीलाने नाट्यरूप दिले, त्यात ‘बालविधवा’ आहे, लहानपणीच कुंकू पुसलेल्या मुलीची. जोतीराव-सावित्रीबाईंनी अशा विधवांसाठी पुण्यात प्रसूतिगृह काढून शतक उलटत आले होते, तरी संस्कृत रंगमंचावर ती मुलगी येणे हे विशेषच. तिने ‘तुकारामचरितम्’ हे नाटकही लिहिले. शूद्राने वेदांचा अर्थ मराठीत सांगितला म्हणून ज्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्या देहूच्या तुकोबाला लीला राव दयाल यांनी संस्कृतात बोलायला लावले.