पंडिता रमाबाई

आजच्या कर्नाटक राज्यात, सह्याद्रीच्या दाट अरण्यात, गंगामूळ नावाचे एक ठिकाण आहे. तेथील आश्रमात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा त्या काळी दंडक होता. शास्त्रीबोवांनी तो मानला नाही. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते विद्याधन लेकीच्या पदरात घातले. पहाटे, घरकामाला आरंभ होण्यापूर्वी, मायलेकींचा पाठ चाले. अशा रीतीने लहानपणीच रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरत असे. पुढे १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांची अन्नान्नदशा झाली. प्रथम वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण यांना मृत्यूने ओढून नेले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी उपाशीपोटी, अनवाणी, शेकडो कोस वाट तुडविली. सन १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांच्या विद्वत्तेने थक्क होऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या.

परंतु दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने तेही गेले. त्या वेळी रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या, आणि कन्या मनोरमा अद्याप एक वर्षाचीही झाली नव्हती.

त्या पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य असावेत, अशी मागणी त्यांनी केली. पुढच्या वर्षी त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. समाजाने झिडकारलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य त्यांनी तेथे पाहिले. पतितांना जवळ करणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या चरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

परमेश्वर आपला राजा आणि आपण त्याचे सेवक, ही भावना तेव्हापासून त्यांच्या जीवनाचा आधार झाली. मात्र या राजाच्या सत्तेपुढे मान लवविणाऱ्या रमाबाईंनी माणसांपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना मायेने आश्रय दिला होता. पण धर्माच्या प्रश्नांत आपले म्हणणे निमूटपणे मान्य करावे, अशी त्यांची अपेक्षा दिसताच रमाबाईंनी नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. हिंदुस्थानातील बालविधवांची करुण कहाणी त्यांनी तेथील लोकांना ऐकविली. लोकांनी मदत देऊ केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या शारदासदनाच्याच विद्यार्थिनी.

येथे रमाबाईंची खरी कसोटी लागली. सदनात कोणावरही ख्रिस्ती धर्म लादावयाचा नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ही वार्ता पसरताच पुण्यात वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर प्रभृती सल्लागारांनी आपला संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची चिंता खोटी नव्हती. परंतु आपली उपासना लपवून करणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले. दार लावून घेतले असते, तर कदाचित वाद निवळला असता. त्यांनी ते लावले नाही आणि त्याची किंमत सोसली.

१८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ज्या उपासमारीने आपले आईबाप नेले, तीच आता हजारो मुलींना गिळीत आहे, हे ऐकून रमाबाईंना घरी स्वस्थ बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना त्यांनी मरणाच्या दाढेतून सोडवून आणले. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती. म्हणून मुलींना पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे, बाईंनी घेतलेल्या शेतावर नेण्यात आले. माळावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ साली मुक्तिसदनाचे उद्घाटन झाले. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि सदनातील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली.

एवढ्या मुखांना घास घालावयाचा, आणि ठरावीक उत्पन्न तर नाही! रमाबाई प्रत्येक गरज प्रार्थनेत परमेश्वरापुढे मांडीत. पण प्रार्थना करून त्या हात जोडून बसत नसत. प्रार्थना संपली, की सगळे सदन कामाला लागे. कोणी दळी, कोणी स्वयंपाक करी, कोणी मागावर कापड विणी. तेलाचा घाणा, गाईंचा गोठा, भाजीचा मळा, छापखाना, सारे मुली व स्त्रियाच चालवीत. विहिरी खोदल्या गेल्या, माळावर पिके डोलू लागली. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. देव्हाऱ्यापुढचे काम पवित्र आणि चुलीपुढचे हलके, असा भेद रमाबाई करीत नसत. पैन् पैचा चोख हिशेब ठेवणे हीही त्यांच्या दृष्टीने ईश्वराची सेवाच होती. कारण आलेले धन त्याचे, आपण केवळ राखणदार, असे त्या मानीत.

खेड्यातील साध्या बायकांना बायबल समजावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्याचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. सदनातील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. हे काम चालू असता १९२१ साली मनोरमाबाईंचे निधन झाले. जिच्यावर पुढील सारा भार सोपवावयाचा, तीच लेक गेली. रमाबाईंनी हे दुःख परमेश्वराच्या हाती सोपविले आणि पुन्हा लेखणी उचलली. भाषांतर पूर्णत्वास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

केडगावचे कार्य आजही चालू आहे. आईबाप, भाऊ, पती आणि लेक एकामागून एक गेले. लोकांनी स्तुती केली आणि निंदाही केली. या साऱ्यांतून रमाबाई खचल्या नाहीत की गर्वाने फुगल्या नाहीत. आपला धनी वर आहे आणि आजचे काम समोर आहे, एवढे त्यांना पुरे होते.