रोनाल्ड रॉस : बेगमपेठच्या लष्करी रुग्णालयातील शोध

एकोणिसाव्या शतकात नांदेड व लातूरचा आपला परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीस आणि मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, फौजेच्या छावण्या होत्या. अशा छावण्यांत शिपायाला गोळीपेक्षा तापाचे भय अधिक असे. त्या तापाचा माग याच संस्थानात, सिकंदराबादेजवळ बेगमपेठ येथे लागला.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे, एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी झाला. ओढा साहित्याकडे; वैद्यक पत्करले ते वडिलांच्या इच्छेखातर. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

येथे शब्दांकडे लक्ष द्या. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘दूषित हवा’. रोगाचे चुकीचे कारण त्या नावातच बसले आहे. आपला ‘हिवताप’ केवळ लक्षण सांगतो, म्हणून तो कधी खोटा ठरला नाही. १८८० मध्ये लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी अल्जीरियात आजारी सैनिकाच्या रक्तात परजीवी पाहिले. ते शरीरात शिरतात कसे, हे मात्र उकलले नव्हते. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांचे लक्ष डासांकडे वेधले.

१८९५ पासून रॉस बेगमपेठेत १९व्या मद्रास पायदळ पलटणीचे डॉक्टर होते. बराच काळ त्यांनी भलत्याच जातीचे डास तपासले. उकाड्यात पंखाही चालवता येत नसे, कारण डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे डास हाती आले. हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा देऊन त्यांचा दंश घेण्यास तयार करण्यात आले. २० ऑगस्टला अशा एका डासाच्या जठराच्या भित्तीत रॉस यांना काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर कविता लिहिली!

तो आणा मोबदला म्हणावा की आजारी, गरजू माणसाची अडचण? मला दुसरा अर्थ अधिक खरा वाटतो. रुग्णाच्या संमतीचा आजचा विचार तेव्हा रुजलेला नव्हता.

लवकरच रॉस यांची राजपुतान्यात बदली झाली आणि काम थांबले. १८९८ मध्ये कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांतील हिवतापाचे परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचलेले दाखवले. महंमद बक्ष हे तेथील त्यांचे साहाय्यक. माणसातील संक्रमणाचे चक्र इटलीतील ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

बेगमपेठेतील ती इमारत आजही उभी आहे. नांदेडहून हैदराबादला गेलात, तर जुन्या विमानतळाजवळ ती अवश्य पाहा.