जॉर्ज रीव्हज : पोशाखाच्या आतला माणूस

एखादी भूमिका नटाला चिकटली की ती त्याला खाऊन टाकते, असे आपण सहज बोलून जातो. अमेरिकेत या म्हणण्याला पुरावा म्हणून वर्षानुवर्षे एक नाव पुढे केले जाते : जॉर्ज रीव्हज, दूरचित्रवाणीवरचा पहिला सुपरमॅन. त्याची हकिकत वाचताना मला मात्र हा पुरावा जरा जास्तच सोयीचा वाटू लागला.

रीव्हजचा जन्म ५ जानेवारी १९१४ रोजी आयोवा राज्यातल्या वुलस्टॉक या लहानशा गावी झाला. आईवडील लवकरच विभक्त झाले. मुलगा आईबरोबर कॅलिफोर्नियात वाढला आणि पॅसाडीना प्लेहाऊस या नामांकित नाट्यसंस्थेत अभिनय शिकला. १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये नायिकेभोवती घुटमळणाऱ्या जुळ्या भावांपैकी एक म्हणजे रीव्हज. त्याने केली स्टुअर्टची भूमिका, पण श्रेयनामावलीत त्याच्यापुढे नाव पडले दुसऱ्या भावाचे! १९४३ मध्ये ‘सो प्राउडली वुई हेल’ या चित्रपटात क्लॉडेट कोल्बर्टसमोर तो चांगला चमकला. परंतु तेवढ्यात लष्करात जावे लागले, आणि युद्ध संपवून परतल्यावर मोठ्या भूमिका काही वाट पाहत बसल्या नव्हत्या.

सुपरमॅन हे पात्र जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली कॉमिक्समध्ये जन्माला घातले. १९५१ मध्ये त्याच्यावरच्या मालिकेसाठी रीव्हजची निवड झाली. दूरचित्रवाणीला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्याने काम स्वीकारले ते काहीसे नाखुशीनेच. १९५२ मध्ये प्रक्षेपण सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत देशभरची मुले त्याला ओळखू लागली.

या कामातले कष्ट फार थोड्यांना ठाऊक असतात. खर्च वाचवण्यासाठी एकाच सेटवरचे अनेक भागांतले प्रसंग एकदमच चित्रित होत. पहिले ५२ भाग कृष्णधवल. पडद्यावर छटा नीट उठून दिसाव्यात म्हणून त्या भागांतला पोशाख लाल-निळा नव्हताच, तपकिरी आणि करडा होता. उड्डाण करायचे म्हणजे स्प्रिंगच्या फळीवरून खिडकीबाहेर झेप घ्यायची. चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ ते निमूटपणे करीत राहिला. मुलांसमोर आपण सिगारेट ओढताना दिसू नये, याचीही तो काळजी घेई. कॉमिक्समधला क्लार्क केंट बुजरा. रीव्हजने त्याला शहाणा, ठाम बातमीदार केले. मला त्याचे हे काम उड्डाणापेक्षा मोठे वाटते. १९५८ पर्यंत १०४ भाग झाले. शेवटच्या तीन भागांचे दिग्दर्शनही त्यानेच केले.

आता त्या दंतकथेकडे येऊ. १९५३ च्या ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’मध्ये रीव्हज दिसताच प्रेक्षक सुपरमॅनचे नाव घेऊन ओरडले आणि म्हणून त्याचे प्रसंग कापले गेले, असे सांगतात. दिग्दर्शक फ्रेड झिनमन यांनी ते साफ नाकारले. भूमिका मुळातच लहान लिहिलेली होती. १६ जून १९५९ रोजी लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरी गोळी लागून रीव्हजचा मृत्यू झाला. वय अवघे ४५. सरकारी निर्णय आत्महत्येचा. आईला तो पटला नाही; तिने नामवंत वकील जेरी गीस्लर यांची मदत घेतली, पण निर्णय बदलला नाही. लोकांनी मात्र कारण ठरवून टाकले : सुपरमॅनमुळे काम मिळेना, म्हणून. वस्तुतः त्याच सुमारास मालिकेचे नवे भाग काढण्याचे घाटत होते.

कॉमिक्सने दूरचित्रवाणीला नायक दिला, तसे दूरचित्रवाणीनेही कॉमिक्सला परत काही दिले. मालिकेतला जिमी ऑल्सन इतका आवडला की १९५४ मध्ये त्याच्या नावाचे स्वतंत्र कॉमिक्स निघाले. १९८५ साली डीसी कॉमिक्सने पन्नासाव्या वर्षानिमित्त संस्थेला मोठे करणाऱ्या पन्नास मानकऱ्यांची पुस्तिका काढली. तीत लेखक-चित्रकारांच्या पंगतीत रीव्हजलाही पान वाढलेले आहे. याउलट २०२३ च्या ‘द फ्लॅश’ चित्रपटात संगणकाने त्याचा चेहरा पुन्हा उभा केला. संमती द्यायला तो नव्हता, आणि अनेकांना ते खटकले. मलाही खटकले. त्या पुस्तिकेने त्याच्या कामाची आठवण ठेवली. चित्रपटाने फक्त चेहरा उचलला.

रीव्हजला सुपरमॅनने मारले असे म्हटले की एका माणसाचे दुःख एका वाक्यात संपते आणि त्याने केलेले काम त्याखाली गाडले जाते. त्याच्या मनात अखेरीस काय चालले होते, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. १०४ भाग मात्र आपल्यासमोर आहेत. त्यांत दिसतो तो भूमिकेने खाल्लेला नट नव्हे; अपुऱ्या पैशांत आणि अपुऱ्या वेळातही भूमिकेला प्रामाणिक राहिलेला नट दिसतो. त्याची ओळख तिथूनच करून घेणे मला अधिक न्याय्य वाटते.