वसईचे संत गोन्सालो गार्सिया : नाकारलेल्या पाचारणाची वाट



दर वर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांचा सण साजरा करते. जागतिक ख्रिस्तसभेच्या कॅलेंडरमध्ये हा दिवस संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती यांच्या नावाने आहे. आपल्या वसईकरांसाठी मात्र त्या सोबत्यांपैकी एक जण घरचा आहे. गासचे चर्च त्यांच्या नावाचे, वसईचे कॉलेज त्यांच्या नावाचे. नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रूसावर दिले, एवढे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पण त्याआधीची पंचवीस वर्षे सहसा कोणी सांगत नाही. ती आज सांगावीशी वाटतात, त्याला कारण घडले.

पाचारण रविवारी आम्ही प्रवचनात प्रभूची हाक ऐका, तिला होकार द्या, असे सांगितले. मिस्सानंतर एक तरुण सॅक्रिस्टीत आला. त्याने होकार दिला होता. काही वर्षे तो सेमिनरीत होता आणि नंतर त्याला घरी पाठवण्यात आले होते. त्याचा प्रश्न साधा होता : मी होकार दिला, पण ख्रिस्तसभेनेच नकार दिला, तर मग ती हाक खरी होती की माझा भास? त्या दिवशी आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला, प्रार्थना करू म्हणालो, पण उत्तर काही देऊ शकलो नाही. घरी आल्यावर आम्हाला संत गोन्सालो आठवले.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली कोकणी स्त्री. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात आली होती आणि किल्ल्यात येशूसंघीय फादरांची शाळा चालू होती. छोटा गोन्सालो त्या शाळेत शिकला. वाचणे, लिहिणे, प्रार्थना, मिस्साची सेवा हे सगळे त्याला या फादरांनी दिले. पंधराएक वर्षांचा असताना येशूसंघीय मिशनरींबरोबर तो जपानला निघाला. आजच्या दहावीच्या मुलाचे वय! शिडाच्या जहाजातून जाताना घर पुन्हा दिसेल याची खात्री कोणालाच नसे. गोन्सालोला ते पुन्हा दिसले नाही.

जपानमध्ये संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली पोहोचले होते. त्यांनी पेरलेले बी तोवर चांगले रुजले होते. गोन्सालोने जपानी भाषा इतकी आत्मसात केली की तो लोकांशी त्यांच्यासारखाच बोलू लागला. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले. मुलांना जमवायचे, त्यांना प्रार्थना शिकवायच्या, बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यायची, फादरांचे बोलणे लोकांना आणि लोकांचे बोलणे फादरांना समजावून द्यायचे. मिशनचे काम अशाच माणसांच्या बळावर चालते, हे आपल्या धर्मग्रामातले धर्मशिक्षक जाणतात.

या आठ वर्षांत त्याच्या मनात एकच इच्छा होती, आपणही येशूसंघात जावे. त्याने विनंती केली आणि वाट पाहिली, पण संघाने त्याला घेतले नाही. ज्यांनी त्याला अक्षरे शिकवली, ज्यांच्या मागे तो समुद्र ओलांडून आला, ज्यांच्यासाठी तो राबला, त्यांच्याच दारात तो उभा होता आणि ते दार उघडले नाही. परक्याचा नकार माणूस सोसतो, घरच्यांचा नकार फार खोल लागतो.

गोन्सालो तिथून बाहेर पडला आणि व्यापार करू लागला. इथे आपण थोडे थांबू या, कारण संतांची चरित्रे सांगताना ही वर्षे पटकन ओलांडली जातात. त्याच्याजवळ भाषा होती, ओळखी होत्या, प्रामाणिकपणा होता. धंद्यात जम बसला, पैसा आला. लोक म्हणाले असतील, बरे झाले पोरगा मार्गाला लागला. श्रद्धा त्याने सोडली नाही, मिशनरींशी वैरही धरले नाही. पण आतली हाक शांत झाली नाही. पुढे तो फिलिपाईन्समध्ये मनिलाला गेला. तिथे संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या मार्गाने जाणारे गरीब, अनवाणी फ्रान्सिस्कन बंधू त्याला भेटले. साठवलेले सोडून त्याने त्यांच्या मठाचे दार ठोठावले. त्यांनी त्याला ब्रदर म्हणून घेतले. तो धर्मगुरू झाला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. स्वयंपाकघर, बाग, आजारी माणसे, जी सेवा सांगितली जाईल ती करणारा तो ब्रदर होता.

आणि मग १५९३ साली जे घडले ते पाहून मान लवते. फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरांनी जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून फादर पेद्रो बाउतिस्ता यांना पाठवायचे ठरवले. सोबत जपानी जाणणारा दुभाषा हवा होता. निवड झाली ती ब्रदर गोन्सालो यांची. ज्या देशातून ते निराश होऊन निघाले होते, त्याच देशात देवाने त्यांना परत नेले. नाकारल्या गेलेल्या त्या आठ वर्षांत शिकलेली भाषाच आता मिशनची गरज ठरली. हिदेयोशींसमोर फादर पेद्रो यांच्या वतीने वसईचा हा ब्रदर बोलत होता.

क्योटोत फ्रान्सिस्कनांना जागा मिळाली. त्यांनी चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडली. समाजाने टाकलेल्या रुग्णांच्या जखमा धुणे हेच त्यांचे प्रवचन होते. मात्र सगळे सुरळीत नव्हते. १५८५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे क्षेत्र येशूसंघाकडे सोपवले होते, त्यामुळे दोन्ही संघांत ताण होता. त्यातच १५८७ साली हिदेयोशींनी मिशनरींना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तो कडकपणे राबवला जात नव्हता, पण मागेही घेतलेला नव्हता. फ्रान्सिस्कन राहिले ते अशा तलवारीखाली.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातील माल जप्त झाला, तंटा वाढला आणि मिशनरी म्हणजे स्पेनच्या फौजेची पुढची तुकडी, असा संशय हिदेयोशींच्या मनात भरवला गेला. डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांना आणि त्यांच्याजवळच्या ख्रिस्ती लोकांना अटक झाली. राजकारण राजांचे आणि किंमत मोजली ती कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांनी.

जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि गाड्यांतून त्यांची धिंड काढली गेली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास सुरू झाला. ही होती ब्रदर गोन्सालो यांची शेवटची मिशन यात्रा. लोकांनी पाहावे आणि धडा घ्यावा म्हणून हा लांबचा रस्ता ठरवला होता. लोकांनी पाहिलेही, पण पाहिली ती प्रार्थना करीत जाणारी माणसे. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे पकडले गेले आणि सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. एक सुतार होता, बापलेक होते, बारा-तेरा वर्षांची मुले होती. ज्या वयाच्या मुलांना गोन्सालो एकेकाळी धर्मशिक्षण देत असत, त्याच वयाची मुले आता त्यांच्या शेजारी चालत होती.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. सर्वांना क्रूसांवर बांधले आणि भाल्यांनी भोसकले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. त्याच रांगेत पॉल मिकी आणि आणखी दोन येशूसंघीय होते. त्या दोघांनी मरणाच्या तोंडावर येशूसंघाच्या शपथा घेतल्या होत्या. तरुणपणी जो संघ गोन्सालोंना मिळाला नाही, त्या संघाची माणसे अखेर त्यांच्याच रांगेत होती. टेकडीवर फ्रान्सिस्कन कोण आणि येशूसंघीय कोण, हा प्रश्न उरला नव्हता.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. केरळच्या संत अल्फोन्सा यांना संतपद मिळाले ते २००८ साली, म्हणजे १४६ वर्षांनी.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक भेद शिकवला गेला होता : वस्तूचे सार वेगळे आणि तिचे बाहेरचे रूप वेगळे. रूप बदलले म्हणून सार नाहीसे होत नाही. तेव्हा परीक्षेपुरते ते पाठ केले. संत गोन्सालोंच्या जीवनाकडे पाहताना ते आता कळते. पाचारणाचे सार म्हणजे स्वतःला देणे. झगा, संघ, पद, वेदी ही त्याची रूपे आहेत. गोन्सालोंना हवे होते ते रूप मिळाले नाही. पण देण्याची इच्छा त्यांनी नकाराबरोबर पुरून टाकली नाही, म्हणून देव तिला दुसरे रूप देऊ शकला.

याचा अर्थ प्रत्येक नकार चुकीचा असतो असा नाही. ख्रिस्तसभेला पारख करावीच लागते आणि पारख करणारी आम्ही माणसेच आहोत. कधी नकार योग्य असतो, कधी आमची चूक होते. ज्याला नकार मिळतो त्याच्या हाती मात्र दोन्ही वेळी एकच गोष्ट असते : कडवट व्हायचे की सेवा चालू ठेवायची. आणि आम्ही, जे नकार कळवतो, त्यांनीही दार लावल्यावर त्या माणसाला रस्त्यावर सोडून देऊ नये. त्याची विचारपूस करणे हेही आमचे पाचारण आहे. या बाबतीत आम्ही कमी पडलो आहोत, हे इथे कबूल करतो.

तो तरुण हे पान वाचत असेल तर त्याने पुन्हा एकदा सॅक्रिस्टीत यावे. सेमिनरीत शिकलेले त्याचे काहीही वाया गेलेले नाही. आपल्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, घरी पडून असलेले आजारी आहेत, ज्यांच्याकडे महिनोन्महिने कोणी फिरकत नाही असे वृद्ध आहेत. ज्यांचे लग्न मोडले, ज्यांची नोकरी गेली, ज्यांचे ठरवलेले काहीच झाले नाही, त्या सर्वांनाही आमचे हेच सांगणे आहे. दार बंद झाले असेल, हाक बंद झालेली नाही.

या आठवड्यात कुटुंबाच्या प्रार्थनेत संत गोन्सालोंची आठवण करू या. ज्याला कोणी नाकारले आहे अशा एका माणसाच्या घरी जाऊ या. आपल्या मातीतला हा संत आपणा सर्वांसाठी विनंती करो.

प्रभू येशू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपले फादर