हसूर ते बंगळूर : विमानकार डॉ. विष्णू माधव घाटगे

दर वर्षी एकदा तरी सर्वांच्या मोबाइलवर एक मेसेज येतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राईट बंधूंच्या आधी आठ वर्षं. मराठी माणसाची छाती फुगते आणि मेसेज पुढच्या ग्रुपवर जातो. तळपदे यांच्या हौसेबद्दल आदर आहेच, पण ते विमान उडाल्याचा भक्कम पुरावा मिळत नाही. ज्या मराठी माणसाची विमानं खरोखर उडाली, शेकडो वैमानिक ज्यांवर शिकले, त्याचं नाव मात्र त्या मेसेजमध्ये कधी नसतं. म्हणून आपल्या सोसायटीच्या या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत डॉ. विष्णू माधव घाटगे यांची थोडक्यात ओळख करून देतो.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूरकडच्या हसूर या गावी झाला. राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं होत होती. आपल्याकडे खेड्यातल्या मुलाने विमान डोळ्यांनी पाहणंच अवघड, ते बनवण्याची गोष्ट तर दूरच. हा मुलगा शिकत शिकत थेट जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात पोचला. तिथे लुडविग प्रांटल होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक अगदी पातळ थर असतो आणि उड्डाणाचं बरंचसं गणित त्या थरात दडलेलं असतं, हे प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलं होतं. त्यांच्या हाताखाली घाटगे यांनी डॉक्टरेट मिळवली आणि ते मायदेशी परतले.

परतले खरे, पण काम कुठे करणार? देशात विमानाचा कारखानाच नव्हता! तो काढला आपल्याच सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. घाटगे तिथे सुरुवातीपासून होते. महायुद्धाच्या त्या धामधुमीत त्यांनी दहा माणसं बसतील असं जी-१ नावाचं ग्लायडर आखलं. पुढे १९४२ च्या डिसेंबरात बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. योगायोग बघा, ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा तळपदे यांच्या गोष्टीत नेहमी उल्लेख येतो, त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष १९७४ मध्ये याच संस्थेतल्या विमानविद्येच्या अभ्यासकांनी आकडेमोड करून काढला.

स्वातंत्र्यानंतर घाटगे पुन्हा कारखान्यात आले. त्यांच्या चमूने आखलेलं एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं हे पहिलं प्रशिक्षण विमान. पूर्ण धातूचं, मागेपुढे दोघांनी बसायचं, पुढे पंखा. अशी दीडशेच्या वर विमानं तयार झाली आणि काही आफ्रिकेतल्या घाना देशानेही घेतली. त्यानंतर फ्लाइंग क्लबसाठी 'पुष्पक' आणि टेहळणीसाठी 'कृषक' आलं.

यानंतर आली जेटची वेळ. ४ सप्टेंबर १९६४ रोजी 'किरण' या जेट प्रशिक्षण विमानाने पहिलं उड्डाण केलं. गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतील अशी त्याची रचना. हवाई दलातल्या किती पिढ्या त्यावर तयार झाल्या! हवाई कसरती करणारं 'सूर्यकिरण' पथक १९९६ मध्ये निघालं, तेही किरण घेऊनच. पद्मश्रीचा मान घाटगे यांना १९६५ मध्ये मिळाला.

इथे सोसायटीतल्या मुलांसाठी दोन शब्द. सुट्टीत तुम्ही बाल्साच्या लाकडाची विमानं करता, ती बहुतेक परदेशी फायटर असतात. एकदा किरण करून पाहा. खऱ्या किरणचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७० मीटर, लांबी १०.६० मीटर. वीसपट लहान केलं तर दोन्ही मापं ५३ सेंटीमीटरच्या आसपास येतात, अभ्यासाच्या टेबलावर सहज मावतील. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. लांबी २० पट कमी झाली की पंखाचं क्षेत्रफळ ४०० पट कमी होतं आणि वजन ८,००० पट कमी व्हायला हवं. रिकाम्या किरणचं वजन अडीच टनांच्या थोडं वर, म्हणजे मॉडेल भरायला हवं सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. आपल्या पेंचच्या जंगलातलं सागवान कितीही उत्तम असो, ते बाल्साच्या चौपट जड. म्हणून बाल्सा! पंखाची पुढची कड गोल आणि मागची कड पातळ करताना पॉलिशपेपर घाईने फिरवू नका. प्रांटल यांनी सांगितलेला हवेचा थर त्याच पृष्ठभागावरून जाणार आहे.

घाटगे यांच्या वाटेत एक उणीव मात्र कायम राहिली. विमान आपलं, पण इंजिन बाहेरचं. एचटी-२ लाही ब्रिटिश बनावटीचं इंजिन होतं आणि किरणलाही. शिवाय आकडे पाहा. एचटी-२ उडालं १९५१ मध्ये, किरणला मंजुरी मिळाली १९५९ मध्ये, ते उडालं १९६४ मध्ये. मधल्या काळात आरेखन करणारी माणसं टिकवून ठेवणं, त्यांच्या हाताला काम देणं, हे विमान आखण्याइतकंच कठीण. पुष्पक, कृषक ही लहान विमानं म्हणूनच मला मोठी वाटतात. त्यांनी हात चालू ठेवले. कर्जाची मोठी फाइल कधी येईल म्हणून शाखा बंद ठेवून चालत नाही, तसंच हे.

लढाऊ विमानाचे फोटो पेपरात येतात, शिकाऊ विमानाचे क्वचितच. पण फायटर चालवणारा प्रत्येक जण आधी शिकाऊ विमानात बसलेला असतो. प्राथमिक शाळेच्या गुरुजींसारखंच आहे हे, मोठा झालेला मुलगा सगळ्यांना दिसतो, अक्षर गिरवून घेणारा हात कोणाला दिसत नाही.

६ डिसेंबर १९९१ रोजी डॉ. घाटगे यांचं निधन झालं. बंगळूरला एचएएलचं एक सभागृह आज त्यांच्या नावाने आहे. तिकडे मुलं-सुना नोकरीला असलेली कुटुंबं आपल्याकडेही बरीच आहेत. कधी गेलात तर ती पाटी नातवंडांना जरूर दाखवा, आणि तो चौपाटीचा मेसेज पुन्हा आला तर उत्तरात हे नाव पाठवा.